खंडाचा दिवस

सकाळीच ऊन चटके देत होतं आणि सिस्टर दारात गणवेश पिळत होती. आज ती बेकार होती. गावच्या दवाखान्यात तिला अकरा वर्षं झाली, पण दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवत. नोकरीत असा खंड पाडला, की माणसाला कायम करावं लागत नाही. नर्सिंगच्या धंद्याला मरण नाही, असं कॉलेजात सांगत. ते खरंच होतं. मरण फक्त नर्सला होतं.

तेवढ्यात दवाखान्याचा कारकून धापा टाकत आला. "ताई, चला लवकर! अध्यक्षसाहेबांना जुलाब लागलेत. नव्या पोरीनं तीनदा टोचलं, शीर काही सापडेना."

"कागदावर मी आज तुमची कुणी नाही, भाऊ."

तरी ती गेली. खंडाची ही युक्ती काढणारे, दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष पलंगावर ओल्या फडक्यासारखे पडले होते. सिस्टरनं एका झटक्यात सलाईन लावलं आणि केसपेपर पुढं ओढला.

"इथं सलाईन लावणाऱ्याची सही लागते. बाहेरच्या बाईनं येऊन टोचलं, असं लिहू का?"

पलंगाशी उभे असलेले डॉक्टर कारकुनाकडे वळले. "अरे, आधी हजेरीपट आण!"

"पण साहेब, मग खंड कसा पडणार? यांना कायम करावं लागेल," कारकून कुजबुजला.

अध्यक्षांच्या पोटात पुन्हा कळ उठली. "करा रे बाबांनो कायम! पण आधी भांडं द्या!"

सिस्टरनं आधी हजेरीपटावर सही ठोकली, मग भांडं दिलं, आणि थोड्या वेळानं ते धुवायला मोरीकडे निघाली.