आडवाट अप्पा

आडवाट अप्पांना डांबराचा राग होता. तसा त्यांना पुष्कळ गोष्टींचा राग होता, पण डांबराचा नंबर पहिला. जीप सडकेवर आली की ते गप्प व्हायचे, जबडा आवळायचे, आणि पहिली गाडवाट दिसली की कुणाला न विचारता जीप सडकेखाली घालायचे. मागे बसलेल्याचं डोकं ताडपत्रीच्या लोखंडी कांबीवर आपटलं तर मान न वळवता म्हणायचे, "डांबरावरनं दुष्काळ दिसत न्हाई. डोकं संभाळा."

त्यांची आठवण मला परवा झाली ती रागातच. पुण्याची दोन जोडपी दांडग्या गाड्या घेऊन दारात उभी राहिली. कन्याकुमारीपासून लडाखपर्यंत निघाली होती, होईल तितकं डांबर टाळून. या जिल्ह्याचा पहिला रस्ते-नकाशा मी काढला हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "काका, एखादी आडवाट सांगा ना, जिथून व्ह्यू मस्त दिसतो." पोरं वाईट नव्हती, वाकून पाया पडली, चहा पिऊन कपबशा स्वतः मोरीत नेऊन ठेवल्या. तरी माझं डोकं फिरलं. मला एकही वाट ठाऊक नाही, असं धडधडीत खोटं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. असल्या व्ह्यूपायी मी एकदा तोंड भाजून घेतलेलं आहे, आणि त्याची किंमत मी नाही, अप्पांनी मोजली.

लातूर नुकता जिल्हा झाला होता. कार्यालय भाड्याच्या जागेत, टेबलं कमी, साहेब जास्त. जिल्हा नवा आणि दुष्काळ मात्र जुनाच, तो उस्मानाबादच्या फायलींबरोबर वारशात आला होता. मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, वय पंचवीस. काम असं की कोणत्या गावाला वाहन जातं आणि कोणत्या नाही हे पाहून नकाशावर तुटक रेघ मारायची. रेघ असेल त्या गावाला पाण्याचा टँकर. रेघ नसेल त्या गावाला 'रस्ता नाही, सबब टँकर देता येत नाही' असं टंकलिखित उत्तर. माणसं तहानलेली आहेत की नाहीत हे त्या उत्तरात कुठं येत नसे.

या कामाला मला अप्पांची जीप मिळाली. अप्पा उदगीरचे, लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, खाकी शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. रोज सकाळी ते जीपच्या बॉनेटवर धुतलेला रुमाल अंथरून लिंगपूजा करायचे आणि त्या उन्हाळ्यात पूजेला पाणी किती, तर एक पळी. "देवाला टंचाई कळत न्हाई व्हय?" असं म्हणायचे. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. मी 'नकाशेवाले'.

वाट शोधायची त्यांची रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. ते पुरुषांना वाट विचारत नसत. पारावर बसलेले बाप्ये हात वर करून दिशा दाखवायला लागले की जीप पुढं काढायचे. डोक्यावर घागर घेतलेली बाई दिसली की मात्र इंजिन बंद करून खाली उतरायचे आणि "माय, पाण्याला कुण्या वाटंनं जाताव?" असं विचारायचे. मी एकदा कारण विचारलं तर खेकसले, "बाप्या माणूस पायाची वाट सांगतो. चढ असंल, नाला असंल, उडी मारून जातो. भरली घागर घिऊन बाई सपाट वाट धरती, पाणी हिंदकळू नये म्हून. बाईची घागर जिथून जाती तिथून चाक जातं. तुमच्या शाळंत शिकवलं न्हाई?" नव्हतं शिकवलं.

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे एक वेळू. टँकरच्या रुंदीएवढा मापून कापलेला, जीपच्या पुढच्या बंपरला आडवा बांधलेला. दोन्ही बाजूंनी वीत वीत बाहेर यायचा. जीप काय, बोळातनंही जाते, पण टँकर जाईल का हे वेळू सांगायचा. तो दोन दगडांत अडला तर अप्पा पहार घेऊन दगड हलवायचे, नाही हलला तर शिव्या देऊन दुसरी वाट धरायचे. नदीच्या वाळूत चाकांखाली घालायला मागे दहाबारा रिकामी पोती असायची. दुसऱ्या जीपचे ड्रायव्हर वाटेची कुरकुर करायला लागले की अप्पा म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आणि एक नेम. पाहणीला गेलेल्या गावात ते पाण्याचा थेंब घेत नसत. गावकरी बिचारे कुठून कुठून तांब्या भरून आणायचे, तर अप्पा हात जोडून मागे सरायचे. "पाहाया आलेल्यानं पाणी पिऊ नये." साहेब लोक दौऱ्यावर सरबत पितात हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर ते जे बोलायचे ते छापता येणार नाही.

अहमदपूरच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला, खडकाळ माळावर एक लमाणांचा तांडा होता. खडकीचा तांडा म्हणत. त्याच्या अर्जाला तीनदा तेच उत्तर गेलं होतं, रस्ता नाही. तांड्यावरच्या बाया कोसभर खाली उतरून कोरड्या नदीत झरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. आम्ही पाच दिवस त्या माळाभोवती जीप घातली. पाचव्या दिवशी एका म्हातारीच्या मागे मागे, तिच्या चालीनं, पहिल्या गियरमध्ये जात अप्पांनी वाट काढली. नदीच्या पात्रातून वर, मग पळसाच्या रानातून वळसा घेत माथ्याखाली. तिथं वाट फुटायची, डावीकडची माथ्यावर, उजवीकडची तांड्यावर. तांड्याच्या तोंडाशी दोन धोंडे होते. वेळू त्यांच्यामधून दोन्हीकडे चार चार बोटं राखून गेला. अप्पा खाली उतरले, दोन्ही धोंड्यांना हात लावला आणि पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "मारा रेघ, नकाशेवाले."

मी रेघ मारली. पण रेघेवर साहेबांची सही लागत असे. साहेब नकाशा बघेनात. "त्या खडकात आहे काय?" म्हणाले. मला सही हवी होती आणि मी तरुण होतो, मूर्ख होतो. मी म्हणालो, "साहेब, वाट फार देखणी आहे. पळस नुसता पेटलाय. माथ्यावरून पार नांदेडकडचे डोंगर दिसतात." साहेबांनी मान वर केली. "असं?" म्हणाले आणि सही ठोकली. सोमवारपासून टँकर मंजूर. मी उड्या मारत खाली आलो आणि अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांचा चेहरा पडला.

"पळसाचं कामून सांगितलं?"

"सही मिळाली ना अप्पा!"

"तहान सांगायची होती. तुमी फुलं सांगितली," म्हणाले आणि जीपखाली जाऊन काहीतरी ठोकत बसले.

सोमवार आला. टँकर आला. तांड्याला निरोप गेलेला होता, बाया सकाळपासून टँकरला सामोऱ्या येऊन नदीच्या काठावर घागरी मांडून उभ्या. आणि त्या बायांच्या डोळ्यांदेखत टँकरच्या मागची तोटी उघडली आणि पाणी वाटेवरच्या फुफाट्यात सांडत टँकर पुढं निघाला. साहेबांचे मुंबईचे पाहुणे देखणी वाट बघायला आले होते. धुळीचा त्यांना त्रास होऊ नये म्हणून पाणी मारायचा हुकूम होता. हे मी ऐकीव सांगत नाही. टँकरच्या मागच्या जीपमध्ये मी बसलो होतो, साहेबांनी वाट दाखवायला मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. पुढं साहेब, मध्ये पाहुणे नवरा-बायको, गळ्यात कॅमेरा, आणि स्टिअरिंगवर अप्पा. बाया ओल्या झालेल्या मातीकडे नुसत्या बघत राहिल्या. इतकी वर्षं झाली, ते आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात. आणि मी काय केलं? पाहुण्यांना पळस दाखवला.

अप्पा समोर बघत जीप हाकत राहिले. मला वाटलं, घाबरले असतील, नोकरी आहे. वाट फुटते तिथं टँकर थांबला, कारण त्या ड्रायव्हरला पुढची वाट ठाऊक नव्हती. अप्पांनी जीप त्याच्या शेजारी नेली आणि बाहेर डोकं काढून म्हणाले, "तोटी बंद कर. म्होरं खडक हाय, धूळ न्हाई. माझ्या मागं ये." आणि डावीकडं जायच्या ऐवजी उजवीकडं वळवली.

मला कळलं. मला एकट्यालाच कळलं. मी बोललो नाही.

दोन धोंड्यांमधून जीप गेली, मागून टँकर गेला, चार चार बोटं राखून. समोर तांडा. साहेब म्हणाले, "ही कुठली वाट?" एरवी साध्या गोष्टीला गाव गोळा होईल एवढ्यानं ओरडणारे अप्पा एकदम हळू आवाजात म्हणाले, "वाट चुकली, साहेब." मग खाली उतरले, टँकरची तोटी स्वतः उघडली आणि तांड्याच्या नायकाला म्हणाले, "बगता काय नायक, भरा! अर्धा ऱ्हायलाय."

सगळी धावपळ झाली. मघाच्या बायाही ओल्या वाटेनं पळत वर आल्या होत्या. पहिली घागर भरली आणि एका म्हातारीनं, जिच्या मागं आम्ही वाट काढली होती तिनंच, तांब्या भरून पाहुण्या बाईंपुढं धरला. रीत ती. बाईंनी हात पुढं केला, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "ठिवा ते, बाईसाहेब. पाहाया आलेल्यानं पाणी पिऊ नये." त्या बाईंनी अप्पांकडं पाहिलं, मग तांब्याकडं, आणि तो म्हातारीच्या हातात परत दिला. त्यांच्या नवऱ्यानं एकही फोटो काढला नाही. साहेबांचं तोंड मात्र पाहण्यासारखं झालं होतं. पाहुण्यांपुढं ओरडताही येईना.

टँकर चालू राहिला, वाट आता दोघा-तिघा ड्रायव्हरांना ठाऊक झाली होती आणि पाहुण्यांनी पाहिलेला तांडा नकाशावरून पुसणं साहेबांना जमण्यासारखं नव्हतं. तांड्याचं भागलं. राहिले अप्पा. त्यांची चौकशी लागली आणि वाट ठाऊक असलेला साक्षीदार मी एकटा. प्रश्न एकच होता, चालकाने वाहन मुद्दाम नेले की रस्ता चुकला? मुद्दाम म्हटलं तर निलंबन. चुकला म्हटलं तर ताकीद आणि बदली. मी रात्रंदिवस विचार केला असं म्हणून भाव खाणार नाही, दहा मिनिटांत लिहिलं, 'चालक रस्ता चुकल्याने वाहन तांड्याकडे गेले.' मला ही मोठी हुशारी वाटली.

जबाबाखाली 'मान्य' म्हणून अप्पांची सही लागत होती. ते अक्षर अक्षर लावत वाचायचे. वाचून झाल्यावर कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मी वाट चुकलो?"

"तुम्हीच म्हणालात ना अप्पा, साहेबांना."

"ते त्येच्या तोंडावर मारलं होतं. तुमी कागदावर घेतलं."

"तुम्हाला वाचवायचं होतं."

"मला का तुमाला?" अप्पा म्हणाले. "वाट तुमाला बी ठावी होती. मुद्दाम नेली म्हणलं की तुमी गप का बसलाव, हे इचारतील." मी पेन त्यांच्यापुढं सरकवलं. "तीस साल गाडी हाकली, नकाशेवाले. शिव्या खाल्ल्या, दंड खाल्ला. वाट चुकला असं कुणी लिहिलं नव्हतं." त्यांनी सही केली, सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. बदलीवर जाईपर्यंत माझ्याशी ते बोलले नाहीत.

त्यांना औशाला टाकलं. तिथं आवारात एक जीप होती, फक्त तिला इंजिन नव्हतं. सरकारला कधीकधी विनोद सुचतो. शेवटची वर्षं अप्पांनी त्या जीपच्या बॉनेटवर रुमाल अंथरून पूजा केली आणि दिवसभर तिच्या स्टिअरिंगमागं बसून काढली, असं तिथले लोक सांगत. पुढं कधीतरी मी उदगीरला त्यांच्या घरी गेलो. थकले होते, पण विभूतीचे पट्टे तसेच ठसठशीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, सुनेला चहा टाकायला लावला, आणि चहा येईपर्यंत एवढंच विचारलं, "तो कागद बदलता येतो का?" मी तेव्हा नोकरीत होतो. बढती जवळ आली होती. मी म्हणालो, "आता कसा बदलणार, अप्पा?" ते म्हणाले, "चहा प्या. हितं पाणी लई हाय." सहा महिन्यांनी ते गेल्याचं कळलं.

मला साहेबांचा राग आहे, त्या तोटीचा आहे, देखण्या वाटा शोधत फिरणाऱ्यांचा तर विनाकारण आहे. पण या सगळ्यांच्या आड मी किती वर्षं लपणार? आता मला ना नोकरी आहे ना बढती. तो कागद कार्यालयात कुठं असेल, वाळवीनं खाल्ला असेल, देव जाणे. म्हणून माझा जबाब इथं नव्यानं लिहून देतो.

मी जीपमध्ये होतो. वाट मला ठाऊक होती. अप्पांनी जीप तांड्यावर मुद्दाम नेली. अप्पा वाट चुकले नव्हते. वाट चुकलो तो मी.