मृत्युपत्राला फाशी

पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद बडवून टायपिस्टबाईंची बोटं कुरकुरायला लागली होती. त्यांना आता कोर्टात भाषांतरकाराची जागा हवी होती. पण गेल्या वर्षी कायद्याच्या इंग्रजी शब्दांच्या परीक्षेत त्या एका गुणानं आपटल्या. 'एक्झिक्यूट' म्हणजे फाशी देणं एवढंच त्यांना ठाऊक, त्यामुळे प्रश्नातलं मृत्युपत्र बिचारं फासावर गेलं.

"कागदाला फाशी देणारी सून फक्त आमच्याकडेच!" सासूबाई वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या.

यंदा पुन्हा तोच शब्द आला. बाई भर परीक्षेत खुदकन हसल्या आणि त्यांनी 'रीतसर सही करून पक्कं करणं' यावर खूण केली.

काल नेमणुकीचं पत्र आलं.

"शिकवणी माझी हं!" सासूबाई म्हणाल्या.

"हो गुरुजी! सोमवारी रुजू व्हायचंय, तेवढा डबाही भरून द्या."