‘हंय काय नाय’ नावाचं नेटवर्क

आचऱ्यापासून आरोंद्यापर्यंतच्या किनाऱ्यावर इंटरनेटवर इतकं प्रेम करणारा आणि त्याच इंटरनेटवर इतका अविश्वास ठेवणारा माझ्या मामासारखा दुसरा माणूस सापडायचा नाही. लोक नेट वापरतात. मामा नेट पाळतो. दारात बांधलेल्या, दूध भरपूर देणाऱ्या पण कधी शिंग मारील याचा नेम नसलेल्या म्हशीसारखं. तिला वेळेवर खाऊपिऊ घालायचं, अंगावरून हात फिरवायचा आणि पाठ मात्र तिच्याकडे कधी करायची नाही.

याचं मूळ मामाच्या नोकरीत आहे. तो व्यापारी जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. कानाला हेडफोन लावून टिंब आणि रेघांच्या भाषेत येणारे संदेश ऐकायचे, लिहून घ्यायचे, उलट जबाब पाठवायचे, हे त्याचं काम. खलाशी त्याला ‘रेडिओसाब’ म्हणायचे. पुढे जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली, बटण दाबून कुणालाही बोलता येऊ लागलं आणि मामाचं ते पदच रद्द झालं. तो आचऱ्याला परतला, माडाची बाग आणि चार आंब्याची कलमं बघू लागला. पण हात मातीत असले तरी कान जहाजावरच राहिले. मामी सांगते, लग्नानंतर कितीतरी वर्षं हा माणूस झोपेतही खाटेच्या फळीवर बोटांनी टकटक करायचा आणि ती उठून दार उघडायला जायची.

मामाची वाडी डोंगर आणि माडांच्या मध्ये खोलगट जागी आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही. मोबाइलवर कुणाशी दोन शब्द बोलायचे तर घाटीची चढण चढून देवळापाशी जावं लागतं. त्यामुळे फायबरची तार वाडीपर्यंत आणायची हे मामानं मनावर घेतलं. कंपनीच्या माणसांनी ती माडामाडांवरून टांगत आणली आणि त्या दिवसापासून मामाचं वाडीतल्या माकडांशी युद्ध सुरू झालं. माकडांना ती तार फार आवडली. त्यांचा मुख्य, एक म्हातारा हुप्प्या, रोज सकाळी तिच्यावर झोका घेऊन दिवसाची सुरुवात करी. तार तुटली की मामा धोतर बदलून पँट घालायचा, खुर्चीत ताठ बसायचा आणि कंपनीच्या तक्रार केंद्राला वेगळ्या तारेवरच्या जुन्या घरगुती फोनवरून अतिशय शुद्ध मराठीत तक्रार नोंदवायचा.

“सर, राउटर बंद करून परत चालू केलात का?” पलीकडची मुलगी विचारायची.

“राउटर उत्तम आहे. तार माकडानं तोडली आहे.”

“सर, आमच्याकडे माकड असा पर्याय नाहीये. तिऱ्हाईत व्यक्तीकडून नुकसान, असं लिहू का?”

“व्यक्ती लिहू नका,” मामा म्हणायचा. “उद्या चौकशी झाली तर मी व्यक्ती कुठून आणू?”

राउटर घरात आल्यावर मामाला पहिली काळजी पडली ती पालींची. त्या उबेला डब्याच्या आत शिरतात आणि खारा वारा तर इथल्या प्रत्येक तांब्याच्या टोकाला हिरवा रंग चढवतोच. मामानं मामीचं दुधाचं जाळीचं कपाट रिकामं केलं. लोखंडी जाळीतून लहरी बाहेर पडत नाहीत हे रेडिओसाबाला कुणी शिकवायला नको होतं, म्हणून त्यानं ती काढून तिथे मच्छरदाणीचं कापड ठोकलं आणि आत राउटरची स्थापना केली. दूध ओट्यावर आलं. मी विचारलं तेव्हा मामी शांतपणे म्हणाली, “मांजरान दूध प्यालान तरी चलात, पण पालीक नेट गावता नये, असो ह्यांचो कायदो आसा.”

नेटवर्कला नाव काय द्यायचं यावर मामानं आठवडाभर विचार केला. नाव आकर्षक असलं की चोर येतो, हा त्याचा सिद्धांत. म्हणून त्यानं नाव ठेवलं ‘हंय काय नाय’, म्हणजे इथे काही नाही. चोरानं वाचावं आणि पुढे जावं. चोर आले नाहीत, पण जवळच्या होमस्टेला उतरलेले पुण्याचे पाहुणे एकदा कुंपणापाशी येऊन नम्रपणे म्हणाले, “काका, तुमच्या ‘हंय काय नाय’चा पासवर्ड मिळेल का?” मामानं त्यांना आत बोलावलं, कोकम सरबत दिलं, मुंबई ते मोम्बासा सगळे समुद्र वर्णन करून सांगितले आणि पासवर्ड न देता परत पाठवलं. ते इतके खूश होऊन गेले की आपण कशाला आलो होतो हे त्यांना घाटी चढेपर्यंत आठवलं नसावं.

पासवर्ड ही तर मामाच्या दृष्टीनं देवघरातली गोष्ट. तो माशांच्या नावांचा असतो, मध्ये आकडे आणि विरामचिन्हं पेरलेली असतात आणि गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले की लगेच बदलला जातो. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा पासवर्ड मागितला तेव्हा मामा तिला परसात विहिरीपाशी घेऊन गेला, रहाट फिरवून आवाज सुरू केला आणि त्या आवाजाच्या आडून तिच्या कानात काहीतरी कुजबुजला. ती परत आली आणि मला म्हणाली, “मला फक्त ‘सुंगटां’ ऐकू आलं.” तेवढ्या कोळंबीवर तिनं मुक्कामाचे चार दिवस नेटशिवाय काढले. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही.

हा मामा इतका कडेकोट असूनही शेजारच्या वैनींना मात्र त्यानं आपणहून नेट दिलं होतं. वैनी म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा मुंबईत नोकरीला. त्याचं तोंड रोज संध्याकाळी फोनवर दिसावं म्हणून मामानं त्यांच्या खिडकीपर्यंत सिग्नल पोचेल अशी व्यवस्था केली आणि त्यांना वेगळा पासवर्डही दिला. उपकार झाल्याची कसलीही खूण वैनींनी दाखवली नाही.

“भावजी, तुमच्या त्या डब्यातसून काय बाहेर पडता देव जाणे,” त्या कुंपणापलीकडून म्हणायच्या. “माझ्या शेवग्याक औंदा एक शेंग नाय.”

“वैनी, शेवग्याक पाणी घाला. तेका नेट लागणा नाय.”

मग मामा त्यांची परीक्षा घ्यायचा. “कोणी फोन करून बँकेचो आकडो मागल्यान तर काय करतल्यात?”

“तुमचो नंबर देयन तेंका. बसा बोलत.”

हे रोजचं होतं. दोघांपैकी एक जण आजारी असेल तरच चुकायचं.

दोन वर्षांपूर्वी मी काही दिवस सुट्टी काढून मामाकडे गेलो होतो. सकाळची वेळ. मामा पडवीत बसून फोनवर बघत होता. आपल्या नेटवरचं कोणतं यंत्र किती नेट खातंय ते त्याला त्यात दिसतं आणि तो ते पेपरासारखं रोज वाचतो. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली.

“वैनी ह्या वेळाक नेट लावनत नाय,” तो म्हणाला. “आणि आज सकाळपासून सुरूच आसा.”

“बघत असतील काहीतरी,” मी म्हटलं.

तेवढ्यात मासेवाली पाटी घेऊन आली. वैनींच्या दारात उभी राहून तिनं बांगडे आलेत म्हणून हाक दिली, पुन्हा दिली. दार उघडलं नाही. ती खांदे उडवून पुढे गेली. मामा उठलाच. ताजे बांगडे दारात आले असताना वैनी बाहेर येत नाहीत, हे त्याला नेटच्या आकड्यांपेक्षा जास्त खटकलं. मीही त्याच्या मागोमाग गेलो. खिडक्या बंद होत्या. आतून एका पुरुषाचा दरडावणारा आवाज येत होता, हिंदीत. मामानं दारावर थाप मारली. आवाज थांबला. थोड्या वेळानं आतून वैनी म्हणाल्या, “मला बरं वाटत नाहीये. आपण नंतर या.”

मामा दारासमोर तसाच उभा राहिला. मग मला हाताला धरून बाजूला ओढत हळूच म्हणाला, “माका ‘आपण’ म्हणाली ती. कायतरी बिघडला आसा.”

एरवी वैनी शुद्ध मराठी फक्त शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलत. चाळीस पावसाळे शेजारी काढलेल्या मामाला त्यांनी भांडतानासुद्धा कधी ‘आपण’ म्हटलं नव्हतं. मला यातलं काही सुचलं नसतं. मी दार ठोठावत राहिलो असतो. मामा मात्र चप्पल तिथेच टाकून, त्या वयात, कुंपणाच्या फटीतून धावत आपल्या घरी गेला आणि त्यानं मच्छरदाणीच्या कपाटातल्या राउटरची पिन खेचून काढली. मग परत येऊन वैनींच्या मागीलदारी जाऊन उभा राहिला.

दार धाडकन उघडलं. वैनींच्या हातात फोन होता आणि चेहरा पांढराफटक.

“नेट खंय गेला? भावजी, नेट लावा. ते साहेब माझ्या झिलाक जेलात घालतले.”

मामानं त्यांना पायरीवर बसवलं. मामीनं पाणी आणलं. हळूहळू सगळं कळलं. व्हिडिओ कॉलवर वर्दी घातलेला एक माणूस आला होता. तुमच्या मुलाच्या नावानं आलेल्या पार्सलात भलतंसलतं सापडलंय, तो आमच्या ताब्यात आहे, फोन बंद केलात किंवा कुणाशी बोललात तर त्याला सोडणार नाही, बँकेतली सगळी रक्कम तपासणीसाठी सरकारी खात्यात पाठवा, असं तो सकाळपासून दरडावत होता. वैनी घाबरून तो सांगेल तसं करत गेल्या होत्या. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

मला वाटलं आता मामा बोलणार. इतकी वर्षं ज्या परीक्षा घेतल्या, त्याचं आता तो चांगलं सुनावणार.  पण त्यानं वैनींना हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि घरगुती फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. तो फोन काढून टाक म्हणून आम्ही सगळे मामाच्या मागे लागलेलो होतो.

“झिलाक लावा,” तो म्हणाला.

नंबर मीच फिरवला. पलीकडून मुलाचा आवाज आला, “आये? मी हापिसात आसंय. काय झाला? तू रडतंस कित्या?”  रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून वैनी नुसत्या हुंदके देत राहिल्या आणि तो तिकडून “आये, आये” म्हणत राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं. दुपारपर्यंत आम्ही बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार दिली आणि मामानं वैनींच्या फोनमधलं एकेक काढून, पुसून, नवं कुलूप घालून दिलं. तिन्हीसांजेला वैनी आपल्या घरी जाताना कुंपणापाशी थांबल्या. म्हणाल्या, “भावजी, बांगडे गेले माझे आज.” मामीनं झाकून ठेवलेलं बांगड्यांचं तिखलं त्यांच्या हातात दिलं.

त्या गेल्यावर मामा बराच वेळ विहिरीपाशी होता. मी गेलो तर तो नुसता काठावर बसलेला. 

“जहाजार असताना एकदा बारक्या बोटीची हाक कानार इली,” तो म्हणाला. “पाणी शिरला, मदत करा म्हणान. मी जबाब दिलंय. कप्तानान जहाज वळवल्यान. आमी पोचलो तेवां थंय नुसता पाणी होता.” मग म्हणाला, “आज हाक कुंपणापलीकडसूनच इली. बरां झाला.” मामानं ही गोष्ट याआधी मला कधी सांगितली नव्हती. मामीलाही सांगितली नसावी.

त्या प्रकारानंतर मुलगा आईला एकटं ठेवायला तयार होईना. दिवाळीनंतर तो येऊन वैनींना मुंबईला घेऊन गेला. त्या निघताना मामानं त्यांना फोन कसा वापरायचा हे पुन्हा पहिल्यापासून शिकवलं आणि त्यांनी ते मुळीच ऐकलं नाही. आता त्या रोज संध्याकाळी मुलाच्या घरून मामाला व्हिडिओ कॉल करतात. कुणाचा संशयास्पद फोन आला, त्याला आपण काय काय ऐकवलं, याचा सगळा वृत्तांत देतात. त्यातले निम्मे फोन गॅसवाल्याचे आणि भाजीवाल्याचे असतात असा मामाला दाट संशय आहे.

एकदा त्या बोलता बोलता म्हणाल्या, “हंय खिडकीतसून नुसते इमारती दिसतत. दर्या कसो आसा आज?”

“आसा तसोच.”

“माका दाखवा मा.”

मामा फोन घेऊन निघाला, पण बागेच्या शेवटच्या माडाच्या आधीच चित्र गोठलं. त्याच आठवड्यात त्यानं मला फोन करून बाहेर उन्हापावसात चालेल असं यंत्र आणि भरपूर लांब तार मागवली. मी घेऊन गेलो तर त्यानं ते बागेच्या टोकाला, थेट पुळणीच्या, किनाऱ्यावरच्या वाळूच्या, तोंडावर बसवून घेतलं. जो माणूस घरच्या सुनेलाही पासवर्ड रहाटाच्या आवाजाआडून सांगायचा, त्याचं नेटवर्क आता लाटांपर्यंत पसरलेलं आहे.

गेल्या महिन्यात मी तिथे होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते, दोन्ही बाजूंनी माणसं दोराला लागलेली आणि लांबलचक जाळं हळूहळू वाळूवर येत होतं. मामानं फोन समोर धरला होता. पलीकडे वैनी चष्मा लावून बसलेल्या. त्यांनी मासळी काय गावली विचारलं नाही, शेरा मारला नाही. नुसत्या बघत होत्या.  हात भरून आला की मामा फोन दुसऱ्या हातात घ्यायचा. जाळं पूर्ण वर येईपर्यंत त्यानं तो खाली केला नाही.