अप्पांचं कोरियन आभाळ

पावसाच्या बाबतीत आमच्या शेजारच्या अप्पांइतका छातीठोकपणे चुकणारा माणूस वैजापूरपासून मुकुंदवाडीपर्यंत दुसरा झाला नाही. वैजापूरच्या मोंढ्यातली कारकुनी संपवून ते पुंडलिकनगरात राहायला आले ते नेमके ओळीनं कोरड्या गेलेल्या वर्षांत. गल्लीत नव्या इमारती उठत होत्या, टँकर वाढत होते, आणि अप्पा रोज सकाळी गच्चीवरून द्वाही फिरवत होते, "आज येतोय बघा!" ते ऐकलं की आमची ही निर्धास्तपणे कुरडया वाळत घालायची. संध्याकाळी कुणी छेडलंच, तर म्हणायचे, "पाऊस चुकला, मी नाय."

त्यांच्या एकुलत्या लेकीनं शेंद्र्याच्या कारखान्यात आलेल्या कोरियन इंजिनिअरशी लग्न केलं आणि ती तिकडं गेली. अप्पांनी आदळआपट केली नाही, सरळ कोरियन शिकायला घेतलं. "विहीणबाईंशी बोलायला दुभाष्या लावायचा व्हय? लई वाईट दिसतं." पण मोबाइलवरच्या धड्यांत हवामानाचा धडा लागला आणि अप्पांनी तिथंच मुक्काम ठोकला. पाऊस येणार हे त्या भाषेत तऱ्हेतऱ्हेनं सांगतात म्हणे. ढग बघून वाटलं तर 'ओल कोत काथायो', दुसऱ्याकडून ऐकलं तर 'ओन्देयो', आणि आपणच ठासून सांगायचं तर 'ओल कोयेयो'. स्वतःसाठी अप्पांनी अर्थातच शेवटचं उचललं. उलटतपासणी मात्र जगाची. टँकरवाला म्हणाला, "चाचा, कल आएगा," की अप्पा विचारायचे, "सुना है, या लगता है?" तो बिचारा म्हणायचा, "चाचा, आएगा तो दिखेगा ना!"

दर रविवारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल असायचा. त्यांची सफरचंदाची बाग, त्यामुळे आभाळाची काळजी दोघांनाही सारखीच. एकमेकांना वाकून नमस्कार करताना अप्पांचं डोकं दर वेळी पडद्याबाहेर जायचं आणि पलीकडं फक्त पंखा दिसायचा.

मग लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात अप्पांना शंकाच नव्हती. घरात बाईमाणूस नव्हतं, पण आमची ही पदर खोचून तयार होती. खोली रंगवली, डिंक आणला, छताच्या कडीला पाळणा टांगला. विहीणबाईंना रीतसर विचारायचं तेवढं राहिलं होतं. त्या रविवारी धीर द्यायला आम्हा दोघांना शेजारी बसवून अप्पांनी विचारलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न केला, भर वैशाखात तिकडची हवा कशी होईल?

अप्पांच्या पाठ झालेल्या धड्यातलाच प्रश्न. 'ओल कोयेयो' एवढं म्हटलं की लेक घरी येणार होती. आम्ही त्याचीच वाट बघत होतो. अप्पांनी खिडकीतून अंगणातल्या कोरड्या पिंपांकडं पाहिलं. नळाला पाणी येऊन आठवडा उलटला होता.

"तोवोजील कोयेयो," ते हळूच म्हणाले. अजून तापेल.

मग सासूशेजारी बसलेल्या लेकीला म्हणाले, "तिथंच ऱ्हा, बाळा. इथं तुझे लई हाल व्हतील." लेक रडू लागली. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अप्पांना वाकून नमस्कार केला. वाकलेली मान वर करायला त्यांनी बराच वेळ लावला.

नात तिकडंच झाली. अप्पा आताशा गच्चीवरून तिकडचं हवामान सांगतात. इथल्या पावसाचं विचारलं तर म्हणतात, "काय सांगावं बुवा." आमच्या कुरडयांचं वेळापत्रक पार बिघडलं आहे. पाळणा अजून टांगलेला आहे आणि अप्पा तो रोज पुसतात. परवा मी गेलो, तर म्हणाले, "थंडीत येणार हायेत दोघी."

मी त्यांच्याच प्रश्नानं त्यांची खोडी काढली, "ऐकलंय, की वाटतंय?"

अप्पांनी पाळण्याची दोरी ओढून बघितली. म्हणाले, "वाटतंय."