रोशनच्या अल्बमखालचा 'जुना रसिक'

हे मी माधवीलाही सांगितलेलं नाही. माधवी म्हणजे माझी बायको. तिच्यापासून मी एरवी फारसं काही लपवत नाही – खरं तर लपवू शकत नाही, तिला कळतंच. हे मात्र कळलेलं नाही. रोशनला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या रस्त्यात भेटलात तरी ओळखणार नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं त्यातल्या त्यात जमेल असं वाटतं. बघू.

रोशन माझा मित्र. बालाघाटला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो उकव्याचा, वडील मँगनीजच्या खाणीत. मी इथलाच, सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. आमचा एक बँड होता. त्याचं नाव आम्ही सारखं बदलायचो, कारण कोणी कार्यक्रमाला बोलावत नाही ते नावामुळेच, अशी आमची समजूत होती. रोशन गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. मी गायचो. गॅदरिंगला, गणपतीत, एकदा परसवाड्याला बाजाराच्या पटांगणात – पुढे मी, मागे तो. लोक माझं नाव घ्यायचे. गाणं लिहिलं कोणी, हे कोण विचारतं? आणि कोणी विचारत नाही म्हटल्यावर आपण होऊन कोण सांगतं? मी नाही सांगितलं.

तो स्वतः का गात नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं. एकदा दुपारी वैनगंगेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो होतो, तेव्हा त्यानं सांगितलं होतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी त्याला रांगेतून बाहेर काढलं होतं. म्हणाले, तू नाकातून गातोस, सगळ्यांचा सूर बिघडतो, तू नुसते ओठ हलवत जा. तेव्हापासून तो नुसते ओठ हलवायचा. राष्ट्रगीतालासुद्धा. हसत हसत सांगत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, "कोनाले सांगू नको बे."

मी म्हणालो, "नाही सांगत."

पुढे जे सगळ्या बँडचं होतं तेच आमचं झालं. मला सरकारी नोकरी लागली. गाणं सुटलं नाही – लग्नसराईत एका ऑर्केस्ट्राबरोबर जायला लागलो, अजूनही जातो. वरातीत लोक नाचतात, मी गातो, जेवून घरी येतो. रोशन उकव्यालाच खाणीच्या ऑफिसात लागला. दिवाळीला भेटायचो. मग एक दिवस त्याचा फोन आला. आवाज दबलेला, काहीतरी चोरी केल्यासारखा. म्हणाला, "अल्बम केला यार. मीच गायलो. हसू नको."

'शिफ्ट सुटल्यावर' असं नाव. घरच्या खोलीत गाद्या भिंतीला लावून त्यानं सगळं एकट्यानं रेकॉर्ड केलं होतं. गिटार त्याची, शब्द त्याचे. ड्रम कॉम्प्युटरवरचे, ते कळत होतं. आणि आवाज त्याचा. भाषा आपली बोलायची तीच, मधेच हिंदी, मधेच मराठी. बापानं खाणीतून येऊन हात धुवावेत आणि पाणी काळं व्हावं, असल्या गोष्टींवर गाणी. रॉक म्हणतात ते – पण ओरडणारं नाही, दात आवळून बोलणाऱ्या माणसासारखं.

चांगलं होतं का? हो. पहिल्या गाण्याच्या अर्ध्यातच मला कळलं की हे चांगलं आहे. आवाज नाकात होताच. थोडा फाटकाही. पण त्याच्यामुळेच तो दुसऱ्या कोणाचा वाटत नव्हता. माझा आवाज – मी खोटं कशाला बोलू – माझा आवाज नेहमीच कोणाच्या तरी आवाजासारखा असतो. लग्नात तेच हवं असतं.

मी फोन करून म्हणालो, "भारी झालं लेका." ते खरं होतं. एवढं एकच खरं मी त्याच्याशी बोललो.

अल्बम त्यानं इंटरनेटवर टाकला होता, त्याच्याखाली लोकांची मतं यायला लागली. आधी ओळखीचे, मग कोण कुठले. मी सगळी वाचायचो. ऑफिसात, जेवताना, बाथरूममध्ये. गोंदियाच्या एका बाईनं लिहिलं होतं, कपडे वाळत घालताना ऐकत होते, हातातली चादर हातातच राहिली. बैहरच्या घाटातून ट्रक चालवणाऱ्यानं लिहिलं, घाट संपला तरी गाणं संपू नये वाटलं. कोणी ड्रमला नावं ठेवली, डबा वाजवल्यासारखे म्हणून – ते मी दोनदा वाचलं. बरं वाटलं. लग्नांत मी गायलेल्या गाण्यांवर आजवर कोणी काही लिहिलं होतं का? कोण लिहिणार? जेवण कसं होतं ते लोकांना आठवतं.

आणि माधवी. सकाळी पोहे करताना तिनं रोशनचं गाणं लावायचं, स्वतःही गुणगुणायचं. एकदा माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "किती मनातून गाते न हा?" तिचा काही वाईट हेतू नव्हता. पण इतक्या वर्षांत माझ्या गाण्याबद्दल ती हे म्हणाली नव्हती. मी म्हणालो, गॅस कमी कर, लागेल खाली.

त्याच सुमारास एकानं लिहिलं – कॉलेजात आम्हाला ऐकलेला कोणीतरी असणार – की रोशनभाऊ, हे तेव्हाच करायला पाहिजे होतं, तुमच्या बँडमधला तो दुसरा उगाच ओरडायचा. त्याच्याखाली रोशनचं उत्तर होतं. असं नका म्हणू, तो माझा दोस्त आहे, त्याचं पाहूनच मला गायची हिंमत आली.

तो दुसरा. नावही नाही. पण तुम्हाला सांगतो, ते मला इतकं नाही लागलं. रोशननं माझी बाजू घेतली, ते लागलं. बाजू घ्यावी लागावी असा मी कधीपासून झालो? आधी मी त्याच्या पुढे उभा राहायचो. आता तो माझ्या पुढे उभा राहून मला वाचवत होता.

मी नवीन खातं उघडलं. नाव ठेवलं 'जुना रसिक'. फोटो नदीचा. सुरुवातीला सभ्य लिहिलं – रचना चांगल्या, पण गायकी कच्ची. कोणी लक्ष दिलं नाही. मग एका दुपारी ऑफिसात, सगळे जेवायला गेले असताना, मी लिहिलं. शब्द मला आजही पाठ आहेत. "हा माणूस नाकातून गातो. शाळेतल्या प्रार्थनेतही याला कोणी गाऊ दिलं नसतं. गाणी लिहावीत, ओठ हलवावेत, गाणं दुसऱ्यावर सोडावं."

ओठ हलवावेत. हे मी मुद्दाम लिहिलं. नकळत, रागाच्या भरात, असलं काही नाही. शब्द शोधत बसलो होतो, आणि तो सापडल्यावर मला आनंद झाला.

मग काय झालं? मला वाटलं होतं लोक मला शिव्या देतील. चार जणांनी दिल्या. पण बाकीचे म्हणायला लागले, हो, आता ऐकलं तर खरंच नाकातून येतो. ज्यांना आधी ऐकू आलं नव्हतं त्यांना ते ऐकू यायला लागलं. जो तो तेच लिहायला लागला. कोणी नाकाची चित्रं टाकली. त्या बाईची चादर आणि तो ट्रक खाली गेले, आणि सगळ्यात वर मी.

इथवर सांगितलं, आणि वाटत असेल की झालं, हीच ती कबुली. नाही. मला दुसरं सांगायचं आहे. त्याच्यासमोर, त्याच्या तोंडावर जे बोललो, ते.

रविवारी रोशन उकव्याच्या बसनं आला. बस स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. दाढी वाढलेली. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला, माझंच लिहिलेलं मला दाखवलं. म्हणाला, "बाकी लोकाइचं काही नाही. पन ह्या माणसाले प्रार्थनेचं कसं समजलं असन? मी त कोनालेच नाही सांगतलं. तुले सोडून."

तो माझ्याकडे बघत होता. संशयानं नाही – तसं असतं तर बरं झालं असतं. संशय त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. तो खरंच मला विचारत होता, जसं परीक्षेत गणित अडलं की विचारायचा.

मला तेव्हा सांगता आलं असतं. नुसतं गप्प राहता आलं असतं, तरी त्याला कदाचित समजलं असतं. मी म्हणालो, "त्याले सांगाले काहून लागते? आवाज ऐकूनच समजते रे लोकाइले."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग मान हलवली. "हौ," म्हणाला. "असंच असन. गुरुजीले बी समजलंच होतं."

त्याच्या शाळेतल्या गुरुजींनी एकदा केलं ते मी परत केलं. ते निदान त्याचे मित्र नव्हते.

आणि तिथेच, चहा संपायच्या आत, तो म्हणाला, "नवी गानी हायेत माझ्याजवळ. तू गा न. पयल्यासारखं."

मी नाही म्हणू शकत होतो. त्याला म्हणू शकत होतो की तूच गा, लोकांना काय कळतं. मी म्हणालो, "पाठव." आणि तुम्हाला सांगतो, घरी जाताना मी खूश होतो. स्कूटरवर गुणगुणत गेलो.

दुसरा अल्बम माझ्या आवाजात निघाला. गाणी पहिल्याहून चांगली होती. मी स्वच्छ गायलो, सुरात. लोकांनी लिहिलं, छान. लोकांनी लिहिलं, प्रोफेशनल. कोणाची चादर हातात राहिली नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, पहिला आवाज कुठे गेला? तो का गात नाही? रोशन प्रत्येकाला उत्तर द्यायचा – हाच खरा आवाज आहे भाऊ, मी नुसता लिहितो. मी ते खातं केव्हाच बंद केलं होतं. ते लिहिलेलं पुसलं गेलं, पण तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं. माधवीनं हा अल्बम एकदा पूर्ण ऐकला. चांगला आहे म्हणाली. पोहे करताना लावत नाही.

रोशनच्या बायकोनं एकदा सहज सांगितलं की हे आता घरातही गात नाहीत, पोरीला झोपवताना मोबाइलवर माझं लावून देतात. ती मला खूश करायला सांगत होती.

गेल्या हिवाळ्यात वारासिवनीला एका राइस मिलवाल्याच्या घरचा कार्यक्रम होता. आम्ही दोघं होतो, तो गिटार घेऊन मागे, मी पुढे. कार्यक्रमाच्या मध्यात एक कॉलेजची मुलगी स्टेजजवळ आली. माझ्याकडे न बघता थेट रोशनकडे गेली. तिला 'शिफ्ट सुटल्यावर'मधली सगळी गाणी पाठ होती. म्हणाली, "सर, एक गाना आप गाओ ना, प्लीज. आपकी आवाज में."

रोशनचा चेहरा एक क्षण असा झाला – कसा सांगू – कोणी फार वर्षांनी नावानं हाक मारल्यासारखा. त्यानं माईककडे बघितलं. एक पाऊल पुढे आला. मग माझ्याकडे बघितलं. विचारत होता. मी नुसती मान हलवली असती तर तो गायला असता, हे मला त्या क्षणी नक्की माहीत होतं.

मी माईक स्टँडवरून काढून हातात घेतला, आणि तिला म्हणालो, "कौन सा गाना सुनना है, बोलो."