सगळीकडे साहेबच

मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या एका प्रोग्रामर मुलीला सगळे 'नाकेवाली' म्हणत. आवारात दारोदारी आणि वळणावळणावर लावलेल्या माहितीच्या पडद्यांच्या पोटात एक छोटा ब्राउझर होता. पान उघडलं की तो चित्रं, नकाशे, अक्षरांचे साचे म्हणजे फॉन्ट मागायचा, आणि प्रत्येक मागणी आधी तिच्या कोडसमोर येऊन थांबायची. जाऊ द्यायची, अडवायची, की जवळचंच काहीतरी देऊन बोळवण करायची, हे तिचे नियम ठरवत.

"म्हणजे दिवसभर नाही म्हणायचा पगार मिळतो तुला?" आई विचारायची.

"कधीकधी हो पण म्हणते."

"घरात नाही बाई ऐकलं कधी."

एकदा संचालकसाहेब पाहणीला आले आणि नेमकं एक चित्र आलं नाही. पडद्यावर रिकामी चौकट. साहेबांच्या कपाळाला आठ्या. "या जागी काहीतरी प्रसन्न दाखवा!"

"साहेबांचा फोटोच टाकू या," तिचा मॅनेजर लगबगीनं म्हणाला. साहेब लाजले, पण नको म्हणाले नाहीत.

"चित्र आलं नाही हे लोकांना कळायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर घोळ होईल."

"तू फार विचार करतेस."

तिनं हरकत ईमेलनं कळवली. मॅनेजरनं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तिनं निमूटपणे नियम लिहिला: जे चित्र मिळणार नाही, त्याच्या जागी साहेब.

सोमवारी सकाळी चित्रांचा सर्व्हरच झोपला. एक्स-रेच्या खोलीच्या चित्राच्या जागी साहेब. पुरुषांच्या स्वच्छतागृहावर साहेब, बायकांच्याही. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या बाणाच्या जागीसुद्धा तेच हसरे साहेब.

लोक तरी काय करणार? 'हे फोटोतले कुठं बसतात' असं विचारत विचारत थेट त्यांच्या केबिनबाहेर रांगेत बसले. एका आजींनी तर आत शिरून लघवीच्या नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली.

"हे काय?" साहेब ताडकन उठले.

"इथंच द्यायचं ना? बाहेर फोटो आहे की तुमचा."

फोन खणखणला तेव्हा नाकेवालीनं तो नियम आधीच खोडला होता. आता तिथं साधी अक्षरं येत होती: 'चित्र मिळालं नाही. खिडकीवर विचारा.'

चौकशीत मॅनेजर म्हणाला, तो अंगठा चुकून दाबला गेला. साहेबांनी ती हरकत दोनदा वाचली. तेव्हापासून तिचा कोणताही नियम तिच्या सहीशिवाय बदलत नाही, आणि साहेबांच्या दारावर पाटी आहे: 'येथे नमुने स्वीकारले जात नाहीत.'