नानांचा कठडा

पिंप्राळ्याच्या समस्त रहिवाशांना कळविण्यात येते की, आमच्या लाकडी जिन्याला पॉलिश होत असून देखरेखीसाठी शेजारचे नाना जातीने हजर आहेत. त्यांना कोणीही बोलावलेलं नाही.

कठडा मुळात त्यांच्याच घरचा. नानी बांगड्या भरल्या हाताने तोच धरून दिवसभर वरखाली करायच्या. त्या गेल्यावर मुलाने सिमेंटचा जिना बांधला आणि कठडा आम्ही हौसेने आणला. तेव्हापासून नाना रोज येतात, आधी चहाला नावं ठेवतात, मग जिन्याला. "बठ्ठं बिघाडी टाकं," म्हणजे सगळं बिघडवून टाकलं, हा त्यांचा आशीर्वाद. जाताना मात्र कठड्यावरून हात फिरवत वळणापाशी थबकतात. मला वाटायचं, आमच्या चुका शोधतात.

आज मिस्त्री पॉलिश पेपर घेऊन त्या वळणाशी पोचला. तिथे बारीक चरांची दाटी आहे.

"हे ओरखडे घासून काढतो, म्हणजे काचेसारखं होईल," तो म्हणाला.

नानांनी बशी खाली ठेवली, लगबगीने जिना चढले आणि ओरखड्यांवर तळहात दाबून धरला. टोमण्याच्या तयारीने मी पुढे सरसावलो, तोच ते बोलले,

"घासू नको रे भो, तठे नानीन्या बांगड्या शेतस."